वर्गातल्या प्रत्येकापर्यंत शिकवणं पोहोचावं म्हणून सहकारी प्राध्यापकांना कशी मदत करावी?

खडूफळा

नमस्कार मंडळी,

आमच्या कॉलेजने या सत्रापासून माझ्यावर एक नवं काम सोपवलं आहे. सहकारी प्राध्यापकांना त्यांचं शिकवणं, नोट्स, चाचण्या हे सगळं वर्गातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला झेपेल, पोहोचेल असं करायला मदत करायची. यात अंध मुलं आली, कमी ऐकू येणारी आली, अक्षरं जुळवायला वेळ लागणारी आली. घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी, रात्रपाळी करून सकाळी तासाला बसणारी, आणि शिकवण्याची भाषा घरात कधीच न बोललेली मुलंही आली. मी स्वतः अकरा वर्षं समाजशास्त्र शिकवते.

पहिल्या दोन बैठका मी व्याख्यानं देऊन घालवल्या. समान संधी म्हणजे काय, समावेशक शिक्षण म्हणजे काय, वगैरे. सगळ्यांनी मन लावून ऐकलं, माना डोलावल्या, आणि पुढच्या आठवड्यात सगळ्यांचे तास होते तसेच सुरू राहिले.

तिसऱ्या वेळी वेगळंच घडलं. आमचे एक ज्येष्ठ सहकारी आहेत, अक्षर मोत्यासारखं. त्यांच्या हस्तलिखित नोट्स गेली कित्येक वर्षं मुलं जपून ठेवतात. त्या स्कॅन करून त्यांनी वर्गाच्या गटावर टाकल्या होत्या. मी एका अंध विद्यार्थिनीला विचारून तिचा लॅपटॉप स्टाफरूममध्ये आणला आणि तीच फाइल तिच्या स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या प्रणालीवर, लावली. यंत्र बोलू लागलं: "पान एक. रिकामं. पान दोन. रिकामं. पान तीन. रिकामं." सर उठून जवळ आले. म्हणाले, "परत लाव." परत लावली. पुन्हा तेच. स्कॅन म्हणजे नुसतं चित्र, त्यात यंत्राला वाचायला अक्षरंच नव्हती. एक शब्दही न बोलता ते तासाला गेले, आणि पुढच्या सोमवारी दोन प्रकरणं टाइप करून घेऊन आले. त्यांना समतेबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं.

त्या दिवसापासून माझ्या कामाची दिशाच बदलली. माझं मत असं झालंय की शिक्षकाला तत्त्व सांगून काही हलत नाही. त्याच्याच विषयाचं, त्याच्याच हातचं एक पान घेऊन शेजारी बसावं लागतं, आणि ते पान नेमकं कुणापाशी येऊन अडतं हे त्याला दिसावं लागतं. पण हे करताना कुणालाही चारचौघांत ओशाळं वाटता कामा नये. ते कसं साधायचं, हे मला इथे विचारायचंय.

तुमच्या वर्गात केलेला एखादा छोटा बदल ज्याचा खरोखर उपयोग झाला, तो कृपया सविस्तर लिहा. आणि ज्यांना हे सगळं पटत नाही त्यांनीही लिहा. उद्या स्टाफरूममध्ये मला त्याच शंकांना उत्तर द्यायचं आहे.

शेवटचाबाक

चांगला विषय, ताई. माझा बदल अगदी बिनखर्चाचा आहे. प्रश्न विचारला की थांबायचं.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक होत्या. १९७०च्या दशकात त्यांनी शाळेच्या वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून मोजलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी किती वेळ थांबतो. उत्तर आलं, साधारण एक सेकंद. तोच वेळ तीन सेकंद किंवा जास्त केला तर उत्तरं लांब येऊ लागली, गप्प बसणारी मुलं बोलू लागली, "माहीत नाही" कमी झालं.

मी हे वाचलं तेव्हा माझा समज होता की मी भरपूर थांबतो. मग फोनवर माझाच एक तास रेकॉर्ड केला. एका सेकंदातच मी स्वतः उत्तर देऊन मोकळा होत होतो, किंवा पहिल्या बाकावरच्या त्याच तिघांकडे बघत होतो. आता प्रश्न टाकला की मी मनात पाच अंक मोजतो, मग दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलायला सांगतो, आणि त्यानंतरच कुणाला तरी उठवतो. शेजाऱ्यासमोर एकदा बोलून झालेलं असतं, त्यामुळे मागच्या बाकावरचा मुलगाही तोंड उघडतो. मी स्वतः शेवटच्या बाकावर बसून शिकलो. प्रश्न समजून घेऊन वाक्य जुळवेपर्यंत पुढच्यांचं उत्तर होऊन गेलेलं असायचं. तीन वर्षांत मी वर्गात एकदाही बोललो नाही. येत नव्हतं म्हणून नव्हे, वेळेत येत नव्हतं म्हणून.

समीकरण

खडूफळा ताई, तुम्ही न पटणाऱ्यांनाही बोलावलंत म्हणून लिहितो. गणित शिकवतो, २६ वर्षं.

माझ्या तीन अडचणी आहेत. पहिली, दर्जाची. जास्त वेळ द्या, पर्याय द्या, नोट्स आधी द्या, हे करत गेलं की परीक्षा पातळ होते. पूल बांधणारा अभियंता गणितात कच्चा असला तर कसं चालेल? दुसरी, संख्येची. माझ्या वर्गात १२० मुलं आहेत. प्रत्येकाची गरज ओळखून शिकवणं मला माणूस म्हणून शक्य नाही. तिसरी, माझ्या विषयाची. समाजशास्त्राच्या नोट्स टाइप करता येतात. गणित फळ्यावर घडतं. तो फळा मी अंध मुलाला कसा देऊ?

मनापासून विचारतो आहे. वाद घालायचा हेतू नाही.

चाहूल

समीकरण सर, तिसऱ्या अडचणीचं उत्तर माझ्याकडे आहे. मी जन्मापासून अंध आहे आणि गणित-सांख्यिकी घेऊन पदवी घेतली.

मला फळा नको होता सर, मला वाक्यं हवी होती. आमच्या एका शिक्षकांचा तास असा असायचा: "आता हे इकडे घेतलं, की हे कटतं, मग हे याच्या खाली येतं, आणि हे बघा, आलं." पंचेचाळीस मिनिटांत "हे" किती वेळा आलं असेल देव जाणे. ते वाईट शिक्षक अजिबात नव्हते. डोळस मुलांना त्यांचं बोट दिसत होतं, मला फक्त "हे" ऐकू येत होतं. घरी आल्यावर वहीत काहीच नसायचं, कारण वहीत "हे" कसं लिहिणार?

आणि गणित बोलताना एक खरा घोटाळा होतो, तो इथे मांडते. एखादा शिक्षक म्हणतो, "एक्स अधिक एक भागिले एक्स वजा एक." फळ्यावर वर एक बेरीज आहे, खाली एक वजाबाकी आहे, मध्ये रेघ आहे. मी ऐकलं ते असं: एक्स, त्यात एक भागिले एक्स मिळवा, त्यातून एक वजा करा. एक्सच्या जागी दोन घाला. तुमचं उत्तर ३ येतं, माझं दीड. मी गणितात चुकले नव्हते, मला दिलेलं गणितच वेगळं होतं. "अंश एक्स अधिक एक, छेद एक्स वजा एक" एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं. आपल्या भाषेत अंश आणि छेद इतके नेमके शब्द आहेत, ते तोंडाने वापरा, एवढंच मागणं आहे.

वेळेबद्दल. परीक्षेत मला जादा वेळ मिळायचा तेव्हा काही मैत्रिणींना वाटायचं की मला सूट मिळते. तक्त्यातले आकडे तुम्ही एका नजरेत बघता. स्क्रीन रीडर एकेक खाना वाचतो: ओळ दोन, स्तंभ तीन, सत्तेचाळीस. पाच ओळी-पाच स्तंभांच्या तक्त्याला पंचवीस खाने. आठव्या खान्यापर्यंत पहिला विसरला तर परत मागे. तो वेळ विचाराला मिळत नाही, तक्ता हातात येण्यातच जातो. त्यानंतर गणित मला तितकंच अवघड असतं जितकं तुमच्या बाकीच्या ११९ मुलांना.

खडूफळा ताई, तुमच्या त्या सरांना माझा नमस्कार सांगा. दोन प्रकरणं टाइप करणं म्हणजे काय ते मला कळतं.

आणखी एक. मराठी नोट्स टाइप करणाऱ्यांनी युनिकोडमध्येच कराव्यात. जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो. एक अख्खं प्रकरण मी असं ऐकलंय, त्यातून एकही शब्द निघाला नाही.

कानोसा

चाहूल, "हे" वाला मुद्दा आम्हालाही जसाच्या तसा लागू आहे.

मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, श्रवणयंत्र वापरतो, आणि आता स्वतःच शिकवतो. शिक्षकांना एकच विनंती: फळ्याकडे तोंड करून बोलू नका. आधी लिहा, मग वळा, मग बोला. लोकांना वाटतं की ओठ वाचून सगळं समजतं. आरशासमोर उभं राहून आवाज न करता "पाया, बाया, माया" म्हणून बघा. तिन्ही वेळा ओठ सारखेच हलतात. त्यातला कुठला शब्द हे मी वाक्याच्या अर्थावरून ताडतो, आणि नवा पारिभाषिक शब्द असेल तर ताडायला काही आधारच नसतो. म्हणून नवा शब्द फळ्यावर लिहाच.

दुसरं, मागून कुणी प्रश्न विचारला की उत्तर देण्याआधी तो प्रश्न मोठ्याने परत सांगा. नाहीतर मला फक्त "हो, बरोबर, पण तसं नेहमीच होत नाही" एवढंच ऐकू येतं. काय तसं होत नाही, ते राहूनच जातं. याचा फायदा अख्ख्या वर्गाला होतो, कारण पुढच्या बाकावरचा प्रश्न शेवटच्या बाकाला कधीच ऐकू जात नाही.

व्हिडिओखाली आपोआप उमटणाऱ्या सबटायटल्सवर भरवसा टाकू नका. नेहमीचं बोलणं बरं उतरतं, पण नेमके विषयातले शब्द चुकतात, म्हणजे ज्यासाठी व्हिडिओ बघायचा तेच. तपासायचं तर निदान ते शब्द तपासा.

मधलीसुट्टी

छान चर्चा. मला वाटतं याचं मूळ उत्तर म्हणजे प्रत्येक मुलाची शिकण्याची शैली ओळखणं. कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी हाताने करून. सत्राच्या सुरुवातीला एक प्रश्नावली भरून घ्यायची आणि तसे गट पाडायचे. आमच्याकडे एका प्रशिक्षणात हेच शिकवलं होतं.

पडताळा

मधलीसुट्टी, हेतू चांगला आहे, पण इथे नम्रपणे थांबवतो, कारण हा समज प्रशिक्षणांतून फार पसरला आहे. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासलं. मुलाची "शैली" ओळखून त्याच शैलीत शिकवलं तर तो जास्त शिकतो, याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. माणसाला आवडनिवड असते हे खरं, पण भूमिती कुणीही आकृतीशिवाय नीट शिकत नाही आणि उच्चार कुणीही ऐकल्याशिवाय शिकत नाही. गट पाडले तर "तू ऐकणारा" असं लेबल लावून मुलाच्या हातून आकृती काढून घेतली जाते.

चाहूलला ऐकून शिकावं लागतं ही तिची शैली नव्हे. पान तिच्यापर्यंत पोहोचण्याचा तो रस्ता आहे. या दोन गोष्टींची गल्लत व्हायला नको.

समीकरण सरांच्या दुसऱ्या अडचणीचं, म्हणजे १२० मुलांचं, उत्तर मला इथेच दिसतं. प्रत्येकासाठी वेगळं करायचं नाही. सुरुवातीलाच एकापेक्षा जास्त वाटा ठेवायच्या आणि ज्याला जी हवी ती त्याने घ्यायची. हा विचार वास्तुरचनेतून आला. रोनाल्ड मेस हे वास्तुविशारद स्वतः चाकाच्या खुर्चीवर होते. इमारत बांधून झाल्यावर मागच्या दाराला उतार (रॅम्प) जोडण्यापेक्षा मुळातच सगळ्यांना वापरता येईल अशी इमारत आखा, असं त्यांचं म्हणणं होतं. शिक्षणात हाच धागा कास्ट या अमेरिकन संस्थेने पुढे नेला. संस्था १९८४ची, तिच्या मार्गदर्शक सूचनांची तिसरी आवृत्ती २०२४ मध्ये आली. त्या सूचना तीन गोष्टींभोवती फिरतात: मुलाला शिकावंसं कसं वाटेल, मजकूर किती रीतींनी समोर येईल, आणि मुलाला आपलं आकलन किती रीतींनी दाखवता येईल.

दर्जाबद्दल आकडेच देतो. २०१४ मध्ये फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी, गणित या विषयांतले २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याचं सरासरी प्रमाण ३३.८ टक्के, मुलांना वर्गातच सोडवायला, बोलायला लावणाऱ्या वर्गात २१.८ टक्के. आणि याच वर्गांत परीक्षेतले गुणही वाढले होते, त्यामुळे पेपर सोपा केल्याचा संशय घ्यायला फारशी जागा नाही. २०२० मध्ये थिओबाल्ड आणि सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला: याचा फायदा कुणाला जास्त होतो? अमेरिकेतल्या ज्या समाजगटांची मुलं या विषयांत कमी दिसतात त्यांच्यात आणि इतरांत परीक्षेच्या गुणांचं जे अंतर होतं, ते अशा वर्गांत ३३ टक्क्यांनी कमी झालं. पण एक अट होती. जिथे तासाचा बराचसा वेळ अशा कामाला दिला होता तिथेच अंतर घटलं. तासाला एक प्रश्न विचारून भागलं नाही.

मधलीसुट्टी

धन्यवाद पडताळा. हे मला ठाऊक नव्हतं. प्रश्नावली तयार करून ठेवली होती, ती बाजूला ठेवते.

परीक्षानळी

दर्जाच्या मुद्द्यावर प्रयोगशाळेतला एक अनुभव.

अनुमापनाचं प्रात्यक्षिक, म्हणजे आम्ल आणि अल्कली थेंबथेंब मिसळून ती केव्हा बरोबरीला येतात ते शोधायचं. मिथाइल ऑरेंज हे रंग बदलणारं द्रव्य टाकून रंग लालसरवरून पिवळा होतो का ते बघायचं. एक मुलगा दर वेळी भलतेच आकडे आणायचा. मी त्याच्या वहीवर सलग तीनदा "निष्काळजीपणा" असा शेरा मारला. चौथ्या वेळी त्याच्या शेजारी उभी राहिले. ब्युरेटमधून (थेंब सोडायच्या नळीतून) इतक्या सावकाश सोडत होता की मलाच थांबवेना. शेवटी तो हळूच म्हणाला, "मॅडम, बदलला का रंग? मला दोन्ही सारखेच दिसतात."

लाल-हिरव्यातला फरक न कळणं पुरुषांत अजिबात विरळ नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारांमागे एक, इतरत्र काहीसं कमी. म्हणजे माझ्या प्रत्येक तुकडीत असा एखादा मुलगा असणार, आणि इतकी वर्षं मी त्यांच्या वह्यांवर काय काय शेरे मारले असतील याचा विचार करून त्या रात्री झोप लागली नाही.

आता माझ्या प्रयोगशाळेत पीएच मीटरचा (आम्लता आकड्यात दाखवणाऱ्या यंत्राचा) पर्याय सगळ्यांना खुला आहे. कुणी का घेतला हे मी विचारत नाही. आणि समीकरण सर, दर्जा कुठेही खाली आला नाही. मला तपासायचं काय होतं? आम्ल आणि अल्कली नेमकी केव्हा बरोबरीला येतात आणि ते कशावरून ओळखायचं, हे. मुलाच्या डोळ्यातल्या पेशी तपासणं माझ्या अभ्यासक्रमात नाही. प्रश्नपत्रिका काढताना हल्ली मी प्रत्येक प्रश्नाला हेच विचारते: यात अवघड काय आहे, आणि ते अवघडपण माझ्या विषयाचं आहे की बाहेरून चिकटलेलं आहे? विषयाचं असेल तर एक कणही कमी करत नाही.

आलेखात लाल रेघ आणि हिरवी रेघ काढणाऱ्यांनी एक सलग आणि एक तुटक काढावी, आणि रेघेवरच नाव लिहावं. फिकट राखाडी अक्षरंही टाळा. वेबवरच्या सुलभतेच्या मानकांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजळपणाचा फरक किमान ४.५ ला १ हवा असं सांगितलंय. तो मोजणारी साधनं फुकट मिळतात.

तासिकातत्त्व

सगळं वाचलं, सगळं पटलं. तरीही एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून लिहितो.

मी दोन कॉलेजांत तासावर शिकवतो. तासाचे पैसे मिळतात, तयारीचे मिळत नाहीत. पुढच्या सत्रात मी असेन की नाही हे मला सत्र सुरू व्हायच्या आठवडाभर आधी कळतं. एका ठिकाणी अशाच एका कार्यशाळेला बोलावलं, चार तास बसवलं, चाळीस मुद्द्यांची यादी हातात दिली आणि "पुढच्या महिन्यात अहवाल द्या" म्हणून सांगितलं. त्या यादीतल्या एकाही मुद्द्याला माझा विरोध नव्हता. मी ती घडी घालून बॅगेत ठेवली आणि दुसऱ्या कॉलेजच्या तासाला पळालो.

ताई, तुम्हाला खरंच मदत करायची असेल तर यादी देऊ नका. एका सत्रात एकच गोष्ट सांगा. आणि जे हातानेच करायचं आहे ते अर्धं करून द्या. उदाहरणार्थ, शीर्षकांच्या शैली (हेडिंग स्टाइल) लावलेली नोट्सची एक कोरी फाइल. मला आजवर माहीत नव्हतं की शीर्षक नुसतं ठळक केलं तर स्क्रीन रीडरला ते शीर्षक म्हणून कळतच नाही. कोरी फाइल मिळाली असती तर पहिल्याच दिवसापासून बरोबर झालं असतं. आणि कॉलेजकडून या कामाचे दोन तास तरी मोजून घ्या. समान संधीचं काम शिक्षकाच्या फुकटच्या वेळेवर उभं करायचं, हे मला मान्य नाही.

खडूफळा

तासिकातत्त्व, तुमचा प्रतिसाद छापून प्राचार्यांकडे नेला, नाव न सांगता. सत्रातले तीन तास कामाच्या वेळात धरायला ते तयार झालेत, तासावर शिकवणाऱ्यांसाठीसुद्धा. लेखी घेतलंय. कोरी फाइल उद्या तयार होईल, इथेच टाकते.

सगळ्यांचं वाचून मीही माझं एक पान काढलं, कारण दुसऱ्यांची पानं मागायची तर आधी आपलं पुढे करायला हवं. दर वर्षी मी देते तो स्वाध्याय असा: "दिलेल्या लेखाचं चिकित्सक परीक्षण करा. शब्दमर्यादा ८००." इतकंच. निम्मी मुलं लेखाचा सारांश लिहून आणतात आणि मी दर वर्षी लाल शाईने लिहिते, "हा सारांश झाला, चिकित्सा कुठे आहे?"

यंदा शेरा मारण्याऐवजी अशा सहा मुलांना बोलावून विचारलं, की चिकित्सा म्हणजे तुम्हाला काय वाटतं. एक म्हणाली, "चुका काढायच्या. पण एवढ्या मोठ्या लेखकाच्या चुका मी कशा काढणार? म्हणून मग त्यांनी जे लिहिलंय तेच नीट लिहिलं." ती तिच्या घरातली कॉलेजात आलेली पहिली मुलगी. ज्यांच्या घरात कुणी तरी असे निबंध लिहिलेले आहेत त्यांना हा शब्द कधी ना कधी कुणी समजावलेला असतो. तिला कुणी समजावणार होतं? मी. आणि अकरा वर्षं मी ते केलं नव्हतं.

आता त्याच स्वाध्यायाचा कागद असा आहे:

"हा स्वाध्याय कशासाठी: लेखकाचा दावा आणि त्याचा पुरावा वेगळे ओळखता यावेत. काय करायचं: लेखातला मुख्य दावा दोन वाक्यांत लिहा. त्यासाठी दिलेले दोन पुरावे निवडा. प्रत्येक पुरावा दाव्याला पुरेसा आहे का, आणि का, हे लिहा. लेखकाशी सहमत होऊनही उत्तम चिकित्सा करता येते. गुण कशाला: दावा अचूक ओळखणं ५, पुराव्याची तपासणी १०, तुमच्या मताला दिलेलं कारण ५." सोबत गेल्या वर्षीचा एक बरा आणि एक कच्चा नमुना, लिहिणाऱ्यांची परवानगी घेऊन, नावं काढून.

उद्देश, कृती, निकष हे तीन भाग उघड सांगायची ही पद्धत माझी नाही. मेरी-ॲन विंकल्म्स यांनी ती अनेक कॉलेजांत राबवून अभ्यासली आहे. माझा त्यात लागलेला वेळ म्हणजे एक संध्याकाळ. स्वाध्याय सोपा झाला का? मला तरी आधीपेक्षा कठीण वाटतो, कारण आता सारांश लिहून सुटका नाही.

गुण देताना आणखी दोन गोष्टी सुरू केल्या आहेत. नावं झाकून तपासते. आणि एकाची पूर्ण उत्तरपत्रिका तपासून मग दुसरी न घेता, आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. पहिलं उत्तर छान असलं की पुढच्या उत्तरांकडेही हात सैल होतो, हे मला माझ्याच जुन्या गुणांत दिसलं.

सत्राच्या मध्यावर मुलांना निनावी चिठ्ठीवर दोनच प्रश्न विचारले: या वर्गात शिकायला कशाची मदत होते, आणि कशाची अडचण होते. सगळ्यात जास्त चिठ्ठ्यांत एकच अडचण होती: मी स्लाइड फार लवकर बदलते. शेवटचाबाक, तुमचाच मुद्दा: थांबायचं.

समीकरण

आठ दिवस काही लिहिलं नाही, कारण वर्गात करून बघत होतो.

चाहूल ताईंचं उदाहरण मी तसंच्या तसं वर्गात घेतलं. फळ्यावर काही न लिहिता बोललो, "एक्स अधिक एक भागिले एक्स वजा एक", आणि मुलांना वहीत उतरवायला सांगितलं. सगळ्यांचे डोळे शाबूत आहेत. तरी चार वेगवेगळ्या राशी वह्यांत होत्या. उतरवताना एक-दोन चुका होतील हे मी धरून चाललो होतो, पण हे मला अपेक्षित नव्हतं. फळ्यावरून उतरवताना ही मुलं नेमकी कशी वाचत असतील, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही. मग फळ्यावर लिहितानाच अंश, छेद, कंस सुरू, कंस पूर्ण असं बोलायला लागलो. पहिले दोन दिवस अडखळलो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की फळ्यावर माझ्या चुका कमी होतायत.

थांबायचाही प्रयोग केला. पाच सेकंद फार जड जातात. पण चौथ्या बाकावरची एक मुलगी, जिचा आवाज मी या वर्षी ऐकला नव्हता, तिने परवा सीमेची (लिमिटची) व्याख्या स्वतःच्या शब्दांत सांगितली. व्याख्येत "कितीही लहान" हा भाग सगळे विसरतात, तिने तोच धरला होता.

दर्जाबद्दलची माझी शंका पूर्ण गेलेली नाही. वेळ हा काही परीक्षांत विषयाचाच भाग असतो असं मला अजूनही वाटतं. पण माझ्या पेपरात तो तसा आहे का, हे मी परीक्षानळी यांच्या प्रश्नाने तपासलं. नव्हता. तीन तासांत नऊ प्रश्न मी केवळ प्रथा म्हणून घालत होतो. पुढच्या वेळी सात घालणार आहे, तेवढेच खोल, म्हणजे वेळ सगळ्यांनाच पुरेल.

चाहूल ताई, एक विनंती. वर्गसमीकरणाच्या सूत्राचं बोलीतलं रूप लिहून काढलंय. उद्याच्या तासाआधी कृपया ऐकून सांगा: "एक्स बरोबर अपूर्णांक. अंश: वजा बी, अधिक-वजा, वर्गमूळ सुरू, बी वर्ग वजा चार ए सी, वर्गमूळ पूर्ण. छेद: दोन ए."

चाहूल

ऐकलं सर. दोनदा ऐकून ब्रेलमध्ये उतरवलं, सूत्र बरोबर उतरलं.

"वर्गमूळ पूर्ण" हे फार चांगलं केलंत, नाहीतर मूळ नुसतं बी वर्गाचं की सगळ्याचं, हे कळलं नसतं. शेवटी फक्त "अपूर्णांक पूर्ण" एवढं जोडा. या सूत्रात त्याने फरक पडत नाही, पण पुढच्या ओळीत तुम्ही यात काही मिळवलंत तर ते छेदात जाईल की बाहेर, हे मला त्या दोन शब्दांवरूनच कळणार.